न बघितलेला शेवटचा भाग

सरलाबाई आपल्या नवऱ्यावर रागावल्या त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि नवऱ्याला अजून त्याचा पत्ता नाही. असा राग फार वाईट. भांडून मोकळं झालं तर चार दिवस अबोला, मग पुन्हा 'जेवायला वाढू का' सुरू होतं. आतल्या आत धरलेला राग मात्र लोणच्यासारखा मुरत जातो. सरलाबाईंचा तर इतका मुरला होता, की डिंडोलीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणी नुसतं 'काय दिवस होते हो जुन्या सिरियलींचे' असं म्हटलं, तरी त्यांच्या हातातलं भांडं आदळायचं. लोकांना वाटायचं, म्हातारीचा स्वभावच तापट.

दिवस होते खरे. पण कुणाचे, हे आधी विचारायला पाहिजे.

लग्न होऊन पारोळ्याकडच्या खेड्यातून त्या सुरतला आल्या, तेव्हा डिंडोलीत पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती आणि त्यांचा नवरा, पंडितबापू, यंत्रमागांवर पाळीने कामाला जात. चाळीतला पहिला टीव्ही बापूंनी आणला. लाकडी पेटीचा, पुढे सरकती दारं असलेला. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची आणि अख्खी चाळ त्या एका खोलीत कोंबली जायची. ते नुसतं बघणं नव्हतं. चपला बाहेर, टीव्हीला झेंडूचा हार, वरच्या फळीला हळदकुंकू, पुढे उदबत्ती. पडद्यावर देव आला की म्हाताऱ्या हात जोडायच्या. घरचा देव्हारा कोपऱ्यात होता तो कोपऱ्यातच राहायचा. त्या तासाभरापुरता टीव्हीच देव्हारा.

सरलाबाई त्या वेळी कुठे असायच्या? उंबऱ्यात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे त्या कात्रीने कापून द्यायच्या. उजेड काय तो दाराचा, म्हणून तोंड दाराकडे आणि पाठ टीव्हीकडे. मध्येच कुणी म्हणायचं, 'वहिनी, च्या होऊ द्या ना', की कात्री ठेवून स्टोव्हपाशी. चहा वाटून झाला की पुन्हा कात्री. अशी ती मालिका त्यांनी सुरुवातीपासून पाठीने बघितली. राजाचा भरदार आवाज, राणीचं रडणं, रथांची खडखड, राक्षसाचं हसणं, सगळं तोंडपाठ. राजा दिसायला कसा, ते ठाऊक नाही. कुणी म्हणेल, वळून बघायचं होतं, कुणी अडवलं होतं? म्हणणाऱ्याने एकदा मांडीवर दुसऱ्याची भरजरी साडी आणि हातात कात्री घेऊन बसावं, मग वळावं.

शेवटचा भाग जवळ आला तेव्हा मात्र त्यांनी ठरवलं, हा समोर बसून बघायचा. शनिवारीच गठ्ठा परत केला, पाणी भरून ठेवलं, धुतलेली साडी काढून ठेवली. आणि रविवारी पहाटे त्यांना पाळी आली.

गप्प बसता आलं असतं. सासू गावाला होती, कुणाला कळणार होतं? पण आधीच्याच महिन्यात ऐन युद्धात टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या आणि चाळीतले एक म्हातारबुवा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कोनी तरी शिवेल शे," म्हणजे पाळीतल्या कुणाचा तरी विटाळ झाला. वाऱ्याने छपरावरची अँटेना फिरली होती, एवढंच. तरी त्या दिवशी बायका एकमेकींकडे कशा डोळ्यांनी बघत होत्या, ते सरलाबाई विसरल्या नव्हत्या. आपण आत बसलो आणि शेवटच्या भागात चित्र गेलं तर? सगळी चाळ आपल्या नावाने खडे फोडील. शिवाय देवाचा कोप झाला आणि मागावर नवऱ्याच्या हाताला काही झालं तर? त्यांनी आपल्याच तोंडाने नवऱ्याला सांगितलं. बापू टीव्हीसाठी हार ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग भायेर बठ. आवाज तं येसच."

सरलाबाई खोलीमागे मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. चहा त्या दिवशी शेजारच्या शांताबाईंनी केला. आत लोक रडले, टाळ्या वाजल्या, नारळ फुटला. नंतर त्यांनी ज्याला त्याला विचारलं, शेवटी काय झालं? जो तो एकच सांगायचा, "ते सांगानी गोट नही, वहिनी. देखाले पाहिजे व्हतं."

तेव्हा त्यांनी शपथ घेतली. मला बोलावतील, मानाने समोर बसवतील, तरच मी तो भाग बघीन, तोवर त्या मालिकेचं तोंडही बघणार नाही. शपथ घेतली ती मनातल्या मनात, त्यामुळे बोलवायचं कुणाला सुचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे केबल आलं, मालिका पुन्हा लागली. मोबाइल आला, तिथे तर हवा तो भाग हव्या त्या वेळी. लॉकडाउनमध्ये सगळं घर एका सोफ्यावर बसून जुन्या मालिका बघत होतं, आणि ती मालिका लागली की सरलाबाई तांदूळ निवडायला आत. बापू म्हणायचे, "हिले देवाधर्मनी आवडच नही." हे ऐकून सरलाबाईंचा हात तांदळात थबकायचा आणि त्या मनात म्हणायच्या, आवड नाही म्हणे. बघा कोण बोलतंय.

आता पत्र्याच्या चाळीच्या जागी इमारती उभ्या आहेत. बापू घरी असतात, मुलगा ललित पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला जातो, आणि सून मनीषा उधन्याची, सुरतेतच जन्मलेली. त्या पत्र्याच्या खोलीत सगळ्यात पुढे, टीव्हीला नाक लावून बसणारा पोरगा योगराज आज साड्यांचा व्यापारी आणि सोसायटीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे. पैसा आला की माणसाला आधी बंगला सुचतो आणि मग बालपण. योगराजला यंदा बालपण सुचलं. गणपतीत एक संध्याकाळ 'जुना रविवार' करायची. खाली सतरंजी, बापूंच्या माळ्यावरचा तो जुना टीव्ही हार घालून स्टेजवर, आणि शेजारच्या मोठ्या पडद्यावर त्याच मालिकेचा शेवटचा भाग.

तो घरी आला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "काकू, तुमच्याशिवाय कार्यक्रम होऊच शकत नाही. तुमची खुर्ची पहिल्या ओळीत, मधोमध."

सरलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं. राग गेला असं नाही, पण पहिल्यांदा मऊ पडला.

बाहेरून योगराजचा आवाज आला, "आणि काकू, चहा तुमच्याच हातचा हां. तसाच, कपबशीतून. लोकांना ती फीलिंग आली पाहिजे."

तळपायाची आग मस्तकात गेली. आठवण यांची, हौस यांची, आणि शेगडीपाशी पुन्हा सरलाच. पण खुर्ची पहिल्या ओळीत होती. "बरं," त्या म्हणाल्या. त्या एका खुर्चीसाठी त्यांनी तोही घोट गिळला.

मनीषाचीही एक हौस त्या संध्याकाळी होती. मालिकेच्या आधी तरुणांचा खेळ ठेवला होता. जुन्या कार्टूनची सुरुवातीची धून वाजवायची, ओळखेल त्या टीमला गुण. मनीषाचं बालपण म्हणजे शाळेतून येऊन दप्तर फेकलं की टीव्हीसमोर ठाण मांडायचं, हातात वाटीभर शेव. तिला एकूण एक धून पाठ. तिच्या टीमने तिलाच कॅप्टन केलं होतं. आठवडाभर ती पोळ्या लाटता लाटता धुना गुणगुणत होती, मध्येच मांजरीचा नाहीतर रोबोटचा आवाज काढत होती आणि सरलाबाई कपाळाला हात लावून हसत होत्या. सासू-सून एकत्र हसताहेत असं त्या घरात रोज घडत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मनीषा आंघोळ करून आली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, मला आली."

"आजच?" सरलाबाई अशा म्हणाल्या, जशी तारीख पोरीनेच निवडली होती.

"तारखेच्या चार दिवस आधी आली. मी काय करू? मी मंडपात एकदम साइडला उभी राहीन. कुणाला काय खबर पडणार?"

"माले तं खबर शे ना. तठे गणपती बठेल शे. मंडपमा पाय ठेवू नको."

"मम्मी, माझी टीम आहे."

"टीमले सांगी दे, डोकं दुखस."

मनीषाने ललितकडे बघितलं. ललित त्या वेळी फार मन लावून चार्जर शोधत होता. नवरे अशा वेळी जे शोधतात ते त्यांना कधी लवकर सापडत नाही. मनीषा आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली.

मग काय, घरचा स्वयंपाक, नैवेद्य आणि वर पातेलंभर चहा, सगळं सरलाबाईंच्या एकटीच्या गळ्यात. दिवसभर त्या धुमसत होत्या. योगराजवर धुमसल्या, बापूंवर धुमसल्या, आणि खोटं कशाला बोला, मनीषावरही धुमसल्या. नेमकी आजच हिला यायची होती.

संध्याकाळी मंडप भरला. शेगडी मंडपामागे मांडली होती. तिथून सरलाबाईंना सगळं दिसत होतं. खेळ सुरू झाला, धुना वाजू लागल्या, तिशीतली बाप्ये माणसं पोरांसारखी उड्या मारायला लागली. मनीषा मंडपाभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, रस्त्यावर लावलेल्या स्कूटरींपाशी उभी होती. धून वाजली की तिचे ओठ हलायचे. तिच्या टीमची एकामागून एक धून हुकत होती. शेवटची वाजली ती तर मनीषा आठवडाभर गात होती. टीममध्ये कुणालाच आली नाही. समोरच्या टीमने ओळखली आणि ढोल वाजला. मनीषाने तोंड रस्त्याकडे फिरवलं. सरलाबाईंनी ते बघितलं आणि चहात साखर टाकली.

चहा वाटून झाला. पदराला हात पुसत त्या पहिल्या ओळीत आल्या. खुर्ची खरंच मधोमध होती. बाजूला बापू, गळ्यात मंडळाची शाल. एवढ्यात योगराजने माइक हातात घेतला.

"मित्रांनो, तो शेवटचा रविवार मी आयुष्यात विसरणार नाही," तो म्हणाला. "पंडितबापूंची ती खोली. सगळे रडत होते. आणि सरलाकाकू. त्या दिवशीसुद्धा काकूंनी सगळ्यांना चहा दिला. एका हातात किटली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते चित्र. अशी माणसं आता राहिली नाहीत."

टाळ्या कडाडल्या. बापूंनी मान डोलावली. हो, तसंच झालं होतं, अशी.

आता सांगा, याला काय म्हणायचं? बाईला खोलीबाहेर बसवलं, तेही चाललं. पण पुढे आठवणीत तिला पुन्हा आत आणून तिच्या हातात किटली द्यायची, तिला रडवायचं, आणि वर त्याचं कौतुक करायचं. म्हणजे तिचं बाहेर बसणंसुद्धा तिचं राहिलं नाही. सरलाबाई उठल्या, चार पावलं गेल्या आणि योगराजच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. त्याला वाटलं, काकू आभार मानणार. तो हसत बाजूला झाला.

"योगराज, तू लहान व्हता. तुले काय याद ऱ्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण माइकमुळे पार रस्त्यापर्यंत जात होता. "त्या दिवशी च्या मी करा नही. च्या शांताबाईनी करा. मी रडनीबी नही. माले पाळी येल व्हती. मी मांगे मोरीजोडे बठेल व्हती. तुम्ही सगळा मधमा देव देखत व्हतात. पस्तीस वरीस व्हयनात, एकबी माणूस म्हने ना, सरलाबाई, तुम्ही देखं का. आनि आजबी च्या मालेच कराले लावा."

'पाळी' हा शब्द त्या मंडपात कधी माइकवर आला नव्हता. पुढच्या ओळीतल्या माणसांनी आपापले मोबाइल काढले. बापू दातांवर दात धरून पुटपुटले, "खाले बस वं. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू द्या," सरलाबाई म्हणाल्या. "आते मीबी देखसू. लाव रे योगराज."

योगराजने घाईघाईने लावलं. दुसरं काय करणार बिचारा.

आणि सरलाबाईंनी राजा बघितला. आवाजावरून त्यांनी सहा फुटी गडी धरला होता, हा तर चांगलाच बुटका निघाला. मुकुट तेवढा मोठा. राणी मात्र वाटली होती तशीच होती. हसणारा राक्षस म्हणजे पोट सुटलेला, आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यासारखा माणूस. इतकी वर्षं याला भ्यायले मी? त्यांना खुदकन हसू आलं. आठवडाभराची सवय लागली होती, म्हणून त्या हसतच बाजूला वळल्या, "देख वं मनीषा." बाजूला बापू होते.

त्यांनी मागे बघितलं. मनीषा अजून दोरीपलीकडेच होती. आणि त्यांना नुसती मनीषाच दिसली नाही, आणखीही काही दिसलं. मंडपातल्या अर्ध्या बायका माना वळवून तिच्याकडे बघत होत्या. सून मंडपाबाहेर, खेळात नाही, चहा एकट्या सासूने केला. सासूने माइकवर जे सांगितलं त्यावरून सगळ्यांनी दोनात दोन मिळवून घेतले होते. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलंही.

इतक्या वर्षांचा राग घेऊन आपण माइकपाशी गेलो, आणि आज सकाळी कोण म्हणालं होतं, मंडपात पाय ठेवू नको? बापूंनी निदान हार ओवता ओवता सांगितलं होतं. आपण तर पोरीच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

पडद्यावर राजा दरबारात शिरत होता. त्या उठल्या, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दोरीपर्यंत आल्या आणि दोरी वर धरली.

"चाल, मधमा चाल. मन्हा बाजूले बठ."

मनीषा जागची हलली नाही. "मम्मी, तुम्ही मस्त बोललात. मी टाळ्या वाजवणार होते. तेवढ्यात सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या."

"वळू दे. तू चाल."

"आता?" मनीषा म्हणाली. "तुमचा भाग पेनड्राइव्हमध्ये आहे, मम्मी. उद्या परत लावतील, परवा लावतील. माझा खेळ संपला. सकाळी का नाही म्हणालात, चल?"

मनीषा वळली आणि इमारतीत शिरली. सरलाबाई दोरी सोडून तिच्यामागे गेल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी जिना चढल्या. मनीषाने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. खाली मालिकेतले शंख वाजत होते.

"मनीषा, दार उघड. मन्ही चूक व्हयनी."

त्यांनी दारावर पुन्हा थाप मारली.

"उद्यापाईन या घरमा हाई बंद. दिवा तू लाव, सैपाक तू कर, कोनी काही बोलाव नही."

"घरात कोण बघतंय, मम्मी?" आतून मनीषा म्हणाली. "बाहेर तुम्ही मला सगळ्यांसमोर काढलंत. आत पण सगळ्यांसमोर घ्या."

पोरगी उलट बोलते म्हणून सरलाबाईंना राग यायला हवा होता, रोज येतो. आज आला नाही. आज तो राग जिथे जायला पाहिजे होता तिथे, त्यांच्या स्वतःवरच गेला होता, आणि तो फार जड होता. त्या कठड्याला धरून खाली उतरल्या.

शेवटचा भाग संपला होता. लोक डोळे पुसत उठत होते. गणपतीपुढे आरतीचं ताट तयार होतं, कापूर पेटला होता, आणि मान म्हणून ताट बापूंच्या हातात दिलं होतं. कुणीतरी टाळ हातात घेतले. सरलाबाई सरळ पुढे गेल्या आणि टेबलावरचा माइक त्यांनी उचलला.

"थांबा जरासा," त्या म्हणाल्या. "मन्ही सून येवानी शे."

बापूंचा चेहरा पडला. "तिले आज चालस का?"

"माले चालत नव्हतं. त्यामा तुमले काय मिळनं, ते सांगा."

सरलाबाईंनी बापूंच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं.

"मनीषा," त्या माइकवर म्हणाल्या, "सकायले मीच तुले म्हनी, मंडपमा येऊ नको. मी चुकनी. आते सगळासमोर सांगस. खाले ये. आजनी आरती तुन्ही."

वरच्या मजल्यावर त्यांच्या घराच्या खिडकीत दिवा होता. दोन-तीन घरची माणसं नापसंतीने मान हलवत निघून गेली. ललित एकदा आईकडे, एकदा खिडकीकडे बघत होता, मग जिन्याकडे चालायला लागला. योगराजने हळूच विचारलं, "काकू, ती नाही आली तर?" सरलाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताटातला कापूर विझला, कुणीतरी दुसरी वडी ठेवली, तीही जळून गेली. सरलाबाई एका हातात ताट आणि एका हातात माइक धरून खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मंडळाची आरती मनीषासाठी खोळंबली.